पायाळू सासू आणि माझी पाठ

आमच्या सासूबाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आलेल्या. अशा माणसाचा पाय पाठीवरून फिरला की उसण उतरते, असं आमच्या भागात सगळेच मानतात. लग्न होऊन कन्नड मुलखात, दुबलगुंडीला सासरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. सकाळी दार उघडलं तर ओट्यावर एक धिप्पाड लॉरी ड्रायव्हर पालथा पडलेला, आणि सासूबाई एका हाताने साडी सावरत, दुसरा हात भिंतीला टेकवून त्याच्या कमरेवर टाच फिरवत होत्या. तो हुमनाबादच्या ढाब्यावरून कुणाकडे तरी पत्ता विचारत आला होता. उठला, कंबर वाकवून बघितली, "अम्मा, एकदम फर्स्ट क्लास" म्हणाला आणि गेला. सासूबाईंनी पाय धुतले आणि लिंगपूजेला बसल्या.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या या कामाचे कुणाकडून काही घेत नसत. नारळसुद्धा नाही. "देवानं उलटं जन्माला घातलं, त्यात माझी काय मेहनत?" असं म्हणायच्या. पण त्यांना त्या पायाचा अभिमान होता. आसपासच्या गावांतून माणसं यायची. लिंगायतांच्या बायका कन्नडमध्ये विचारायच्या, तांड्यावरच्या त्यांच्या बोलीत, मुसलमान म्हातारे दखनीत. आत्याबाई ज्याला त्याच्या भाषेत "आडवं व्हा" म्हणायच्या. मी उदगीरची, बी.एस्सी. झालेली, शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी. मला या सगळ्याचं हसू यायचं आणि मी ते लपवतही नसे.

"हास, हास," त्या म्हणायच्या. "तुझी पाठ धरली की कुटं जातीस ते बघू."

माझी पाठ धरली ती बाळंतपणात. खरं तर आठव्या महिन्यापासूनच दुखत होती. माहेरी आईचं म्हणणं पडलं की पोटाचं ओझं आहे, मोकळी झालीस की जाईल. मोकळी झाले, मुलगी झाली, दुखणं राहिलंच. मग ते बाळंतपणाचं वारं ठरलं. वारं लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्या बंद, डोक्याला रुमाल, दही-ताक वर्ज्य. तीन महिने मी ऊन पाहिलं नाही. शेजारणी येऊन पाठीला शेक देऊन जायच्या आणि प्रत्येकीकडे आपापल्या बाळंतपणाची एक भयंकर कथा असायची. त्या ऐकून मला वाटायचं, आपलं तर काहीच नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला आपल्या पाठीबद्दल एक प्रश्न विचारावासा वाटला नाही, याचं आता नवल वाटतं.

लेकीला घेऊन सासरी आले आणि काही दिवसांतच ते घडलं. लेक झोळीत उठली होती. तिला काढायला वाकले आणि पाठीत काड् झालं. आवाज मला ऐकू आला. लेक हातात होती, म्हणून मी पडले नाही, तशीच भिंतीला घासत खाली बसले. आत्याबाई धावत आल्या, आधी लेक माझ्या हातून घेतली, मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उसण भरली बग."

मला कुणी बळजबरी केली नाही. दुखणंच असं होतं की मी स्वतः होऊन ओट्यावर पालथी पडले. ज्या पायाला इतकी वर्षं हसले, त्याची त्या घडीला मला डॉक्टरपेक्षा जास्त गरज वाटत होती. शेजारच्या दोघी-तिघी बघायला आल्या. आत्याबाईंनी भिंतीला हात टेकला आणि ओली बाळंतीण म्हणून अगदी हलक्या पायाने टाच माझ्या कमरेवर ठेवली.

मी जी किंचाळले ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली म्हणतात.

आत्याबाईंनी निखाऱ्यावरून उचलावा तसा पाय उचलला. एवढ्या वर्षांत त्यांच्या पायाखाली कुणी कण्हलं असेल, सुस्कारलं असेल, असं ओरडलं कुणीच नव्हतं. शेजारीण म्हणाली, "वारं लई धरलंय, आजून एकदा फिरवा. आमुशाला फिरवा, उतरतंय." आत्याबाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "न्हाई. ही उसण न्हाई. मला कळंना ते मी करनार न्हाई." आणि तिथल्या तिथे माझ्या नवऱ्याला फोन लावायला सांगितलं. त्याचं हुमनाबादला हायवेवर लॉरीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. "दुकान बंद कर आन् गाडी घेऊन ये," त्या फोनवर ओरडल्या. "कलबुर्गीला जायचंय. उद्या न्हाई, आत्ता."

गाडीत मागे गादी घालून मला झोपवलं. हुमनाबाद ते कलबुर्गी रस्त्यावर गतिरोधक किती आहेत हे निरोगी माणसाला कधीच कळत नाही. प्रत्येकाच्या आधी आत्याबाई "हळू रे, हळू" करायच्या. लेक त्यांच्या मांडीवर. तिला भूक लागली की गाडी थांबवायची, तिला माझ्या कुशीला लावायची, आणि स्वतः दाराबाहेर पदराचा आडोसा धरून उभं राहायचं, असं करत आम्ही पोचलो.

डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. कन्नड बोलायची, मध्येच माझ्यासाठी मराठी शब्द शोधायची. फोटो काढला, मग हाडांची घनता मोजायची तपासणी केली. मग तिने फोटो उजेडाला धरून दाखवला. मणके एकावर एक नीट रचलेले असतात, त्यातले दोन चेपले गेले होते. म्हणाली, ऑस्टिओपोरोसिस आहे. मला वाटलं, फोटो बदलला असणार. तो तर म्हाताऱ्यांना होतो. माझी तिशी आत्ता उलटलेली. ती म्हणाली, क्वचित होतं, पण होतं. पोटातल्या बाळाच्या हाडांना कॅल्शियम लागतं, नंतर दुधालाही लागतं. ते आईच्या हाडांतून निघतं, आणि बहुतेकींचं भरून येतं. काही जणींची हाडं आधीच कमकुवत असतात, त्यांचं इतकं निघतं की वाकलं तरी मणका दबतो. आणि बाळंतिणीची पाठ दुखणारच म्हणून कुणी फोटो काढत नाही.

तेव्हा आत्याबाईंनी विचारलं. कुणी त्यांना काही विचारलेलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही ओट्यावरचं नीट माहीत नव्हतं. त्यांनी लेकीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाल्या, "मी पायाळू आहे. हिच्या पाठीवर मी पाय ठेवला. हे माझ्या पायाने मोडलं का?"

नवरा खाली बघायला लागला. डॉक्टरणीने फोटो पुन्हा उजेडाला धरला. तिने खोटा दिलासा दिला नाही, हे मला आजही बरं वाटतं. म्हणाली, वाकताना आवाज आला तेव्हाच मोडलं असणार. पण पायाने आणखी दबलं का, ते या फोटोवरून सांगता येणार नाही. अशा पाठीवर कुणाचाही पाय, कुणाचाही दाब नको. आत्याबाईंनी मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाल्या. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. आपण केलेल्या गोष्टीचं नाव घेऊन, चारचौघांत, उत्तर ऐकायला असं सरळ उभं राहणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढचं ऐकून मात्र मला माझ्याशिवाय कुणाचंच सुचलं नाही. कमरेला पट्टा. रोज पोटात टोचायचं इंजेक्शन, जे मी स्वतःच घ्यायला शिकायचं. गोळ्या. आणि अंगावरचं दूध बंद करायचं, कारण हाडं भरायची तर तो ओघ थांबायला हवा. आणि लेकीला उचलायचं नाही. किती दिवस, असं विचारलं. ती म्हणाली, दिवस नाही, महिने. लेक तेवढ्यात भुकेने रडायला लागली आणि माझं ब्लाऊज ओलं झालं. मी तिथेच हमसून हमसून रडले. आई कसली राहिले मी, असं वाटलं. जिला पाजायचं नाही, उचलायचं नाही, ती आई लेकराच्या काय कामाची?

घरी आल्यावर आत्याबाईंनी सगळी घडी बदलली. ज्या उन्हापासून मला तीन महिने लपवलं होतं, त्याच उन्हात रोज माझी बाज अंगणात येऊ लागली. दह्याची वाटी भरून समोर. तिळाची चटणी, नाचणीची आंबील, दूध. शेजारणी म्हणाल्या, "बाळंतिणीला दही? येड लागलंय का?" आत्याबाई म्हणाल्या, "लागलंय. तुमी जावा." मी सुई हातात धरून बसायचे आणि धीर होत नसे, तेव्हा त्या समोर बसून शेंगा सोलायच्या, बघत नसल्यासारख्या. टोचून झालं की म्हणायच्या, "झालं? चा ठेवू?"

दूध बंद होताना छाती दगडासारखी झाली होती. ती कापडाने आवळून बांधायची, कोबीची पानं ठेवायची, हे त्यांनी केलं. लेकीला डब्याचं दूध वाटी-चमच्याने त्या पाजायच्या. आणि पाजायच्या कुठे, तर माझ्याजवळ. मी उताणी पडलेली असले तर माझ्या हाताला लेकीचे पाय लागतील अशा बसायच्या. पुढे पट्टा बांधून मी भिंतीशी बसू लागले तेव्हा लेकीला आणून माझ्या मांडीवर ठेवायच्या आणि चमचा माझ्या हातात द्यायच्या. घरात कामाचा डोंगर असायचा, तरी हे त्यांनी टाळलं नाही.

आणि पाय? त्याचं असं झालं. एकदा दुपारी मुडबीकडची एक सून आली. कडेवर तान्हं, एक हात पाठीवर. सासू सोबत. सासू म्हणाली, "हिला उसण भरलीया, अक्का, जरा पाय लावा." मी बाजेवरून बघत होते. आत्याबाईंनी त्या पोरीला बसवलं, पाणी दिलं, कधीपासून दुखायलंय ते विचारलं. मग म्हणाल्या, "लेकरवाळ्या बाईला मी पाय लावनार न्हाई. आदी फोटो काढून या."

"कामून? तुमच्या पायाला काय झालं?"

"माज्या पायाला काय न्हाई झालं. तिकडं बाजंवर बगा. ती माजी सून. तिला मी पाय लावला हुता."

हे त्यांनी त्या सासूला सांगितलं, नंतर दुसरीला सांगितलं, तिसरीला सांगितलं. बाजारात सांगितलं, मठात सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं? गावात बोलवा झाली की म्हातारीचा पाय उतरला. माणसं यायची कमी झाली. पुढे तर त्यांनी गड्यामाणसांनाही नाही म्हणायला सुरुवात केली. "आतलं मला दिसत न्हाई, मग पाय कसा ठेवू?" म्हणायच्या. जन्मापासून जे नाव होतं ते त्यांनी आपल्या हाताने पुसलं, आणि त्याबद्दल उसासा टाकलेला मी ऐकला नाही. ती मुडबीची पोर पुढे बरी झाली. तिची खरंच नुसती उसण होती. ते कळल्यावर आत्याबाई हसल्या, "बरं झालं की. फोटोचा तेवडा तरास झाला बिचारीला."

मी मात्र इतकी मोठ्या मनाची नव्हते. माझी हाडं हळूहळू भरत होती, पण मनातलं वेगळंच रिकामं होत होतं. लेक रांगायला लागली. रांगत जायची ती आत्याबाईंकडे. आंघोळ त्या घालायच्या, झोपवायच्या त्या, पडली की उचलायच्या त्या. मी खाली बसून हात पसरायचे, "ये, ये" म्हणायचे, लेक माझ्याकडे बघून गोड हसायची आणि वळून त्यांच्या साडीचा काठ पकडायची. पाहुणी असते ना, जिच्याकडे बघून हसायचं असतं पण जिच्याकडे जायचं नसतं, ती मी.

एका दुपारी लेक रडत होती. आत्याबाईंनी नेहमीसारखी आणून माझ्या मांडीवर ठेवली. लेकीने पाठ ताठ केली, माझ्या छातीला हाताने ढकललं आणि त्यांच्याकडे झेपावली. पट्ट्यात माझी पाठ अशी कळवळली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मला पाठीचं दुखलं, की ढकलल्याचं, देव जाणे. मी म्हणाले, "घ्या. तुमचंच लेकरू आहे ते. माझं नाहीच."

आत्याबाईंनी लेकीला घेतलं. रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाल्या, "मला मुडबीला सोडून ये. तुज्या बहिनीकडं जाऊन येते. लई दिस झाले."

मला वाटलं, रुसल्या. वाटलं काय, खात्रीच होती. मी म्हटलं, मला सोडून कसं जाता, हिला उचलणार कोण? त्या म्हणाल्या, "शेजारच्या अक्काला सांगितलंय. न्हाऊ घालायपुरती येईल. बाकी उचलायला कामून लागतंय? रांगतीया की ती." पिशवी भरली, सकाळच्या पूजेनंतर निघाल्या. लेक झोपेत होती. तिच्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही, आणि ते बघून मला आणखी राग आला.

पहिले दिवस नको वाटतात आठवायला. लेक दारापाशी जाऊन बसायची आणि बाहेर बघून रडायची. नवरा दुकानातून लवकर यायचा, तिला घेऊन अंगणात फिरायचा. दिवसभर मात्र आम्ही दोघीच. मी पाळणा, पलंग सगळं सोडलं आणि बिऱ्हाड जमिनीवर आणलं. चटईवर बसायचं, भिंतीला पाठ, पाय लांब. तिची वाटी, तिचे कपडे, दूध, सगळं हाताच्या अंतरावर. तिला उचलता येत नाही तर तिने चढावं, एवढाच उपाय होता. मांडीवर चुरमुरे ठेवायचे. ती यायची, चुरमुरे उचलायची, जायची. मग यायची आणि थांबायची. मग एकदा माझ्या पट्ट्याची चिकटपट्टी तिच्या हाताला सापडली. ती चर्रकन उघडते याची तिला भारी मजा वाटली. ती धरून उभी राहिली. माझ्या खांद्याला धरून माझ्या चेहऱ्याजवळ आली, नाक ओढलं, आणि दमून माझ्या मानेत तोंड घालून झोपली. मी हललेसुद्धा नाही. पाय बधिर झाले, दूध गॅसवर उतू गेल्याचा वास आला, जाऊ दे म्हटलं.

आत्याबाईंचा मला एकही फोन आला नाही. मीही हट्टाने केला नाही. शेवटी एकदा नवऱ्याला म्हणाले, तुझ्या आईला नातीची आठवण येत नाही वाटतं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "रोज करतीया की फोन. दुकानावर करतीया. घरी नगं म्हणली. माजा आवाज कानावर पडला की लेकरू परत दारात जाऊन बसंल, म्हणली. तुला सांगू नगं म्हणली हुती." मग हळूच म्हणाला, "रोज विचारतीया, लेकरू तुज्या मांडीवर बसलं का."

माझा घास हातातच राहिला. म्हणजे त्या रुसून गेल्याच नव्हत्या. मी रागाने म्हटलेलं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं, त्यात खरं काय ते निवडलं होतं, आणि लेकरू माझं व्हायचं तर आपण नजरेआड व्हायला हवं हे ठरवून पिशवी भरली होती. त्या सकाळी त्यांनी वळून का बघितलं नाही, ते मला तेव्हा कळलं.

"उद्याच घेऊन ये त्यांना," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी दारात आली. मी चटईवर, लेक माझ्या मांडीला धरून उभी. आत्याबाई दारात आल्या. वाळल्यासारख्या वाटल्या. लेकीने त्यांच्याकडे टक लावून बघितलं. ओळख डोळ्यांपर्यंत आलीय असं वाटलं, आणि तेवढ्यात तिने तोंड फिरवलं, माझ्या गळ्याला मिठी मारली आणि एका डोळ्याने मागे बघू लागली. नवरा म्हणाला, "अगं, आज्जी हाय, आज्जी!"

आत्याबाईंचे हात पुढे आले होते. ते त्यांनी मागे घेतले आणि पदराखाली धरले. डोळे भरले होते, पण तोंडभर हसत होत्या.

मी म्हणाले, "आत्याबाई, घ्या की तिला."

"उद्या," त्या म्हणाल्या. "आज न्हाई. आज तिनं तुला धरलंय."